पान एकशे सत्त्याऐंशी

पुस्तक ग्लेनच्या आईचं.
पहिल्या पानावर निळ्या शाईत: डोरीन, १९६१.
किंमत साडेतीन शिलिंग.
कव्हरवर लाल मातीत उभी एक बाई,
डोळ्यांवर आडवा हात धरून.
"दर हिवाळ्यात वाचायची," ग्लेन म्हणाला,
रक्ताच्या नळ्यांचा ट्रे ठेवला
आणि लिफ्टकडे गेला, नेहमीसारखा शीळ घालत.

ग्रिम्स्बीत रात्रपाळी म्हणजे
खिडकीला चिकटलेलं समुद्राचं धुकं,
आत सेंट्रिफ्यूजची घरघर.
दहा मिनिटं कुणाचं तरी रक्त फिरतं,
तेवढ्यात माझी चार पानं होतात.

ऑस्ट्रेलियातलं गाव. पवनचक्क्या दुरुस्त करणारा एक माणूस,
एक नर्स, मग युद्ध, मग सिंगापूर.
पॅडॉक आलं की मी मनात माळ म्हणायची,
क्रीकला ओढा,
मेंढ्या तर मेंढ्याच.
पन्नासाव्या पानापर्यंत ते गाव
माण तालुक्यात येऊन बसलं होतं,
जिथे आभाळ कोरडं राहिलं
तर कुणी मान वर करूनही बघत नाही.

पान एकशे सत्त्याऐंशीवर ते वाक्य आलं.
तारेच्या पलीकडे हिंदी शिपाई होते,
त्यांची भाषा आम्हाला कळत नसे.
एवढंच.
पुढच्या ओळीत तांदूळ संपला होता.

सेंट्रिफ्यूज थांबलं, शिट्टी वाजली.
मी उठले नाही.

रावजी, वडिलांचा चुलता. बावीस वर्षांचा.
तार आली तेव्हा पोस्टमननेच वाचून दाखवली.
बेपत्ता हा शब्द त्याच्या जिभेवर आला नसावा,
तो म्हणाला, "सापडत नाहीत."
सापडत नाहीत म्हणजे शोधतायत,
असं सोनाक्कानं धरलं.
आणि एक्केचाळीस वर्षं
आधी मेण, मग कुंकू,
करंगळीएवढ्या आरशात बघून.
मी पाहिलंय. त्र्याऐंशी सालापर्यंत.

नर्सचं बरं झालं.
तिचाही कुणी मेला होता, पण रीतसर,
कागदावर, तारखेसकट.
ती परतली, बेकरी काढली,
पवनचक्कीवाल्यानं तिच्यासाठी
युद्धभर जपलेली एक काडी पेटवून
भट्टी सुरू केली.
मी रडले. रडताना रागही आला, खोटं कशाला सांगू.
सोनाक्काला भाकरी येत होती की.
तिला कुणी भट्टी विचारली नाही.

पेन्सिल नमुन्यांवर आकडे घालायची होती.
तिनेच मी समासात लिहिलं,
पत्रावर लिहितात तसं:
रावजी भिवा, मु. पो. पळशी, तालुका माण.
दुसऱ्याच्या आईचं पुस्तक,
हे लिहून झाल्यावर सुचलं.

गुरुवारी ग्लेनला दाखवलं, खोडरबरासकट.
तो चष्मा कपाळावरून खाली ओढून
बराच वेळ बघत राहिला
त्या शिरोरेघेकडे, जणू दोरीवर काही वाळत घातलंय.
"नाव आहे?"
"नाव आणि पत्ता."
"म्हणून दाखव."
तो तीनदा चुकला. ळ तर त्याच्या तोंडात मावेचना.
चौथ्यांदा पळशी अशी काही निघाली
की डायलिसिसला येणारं कुणीही चालत गेलं असतं तिथे.

खोडरबर त्यानं खिशात घातलं.
"संपलं का?"
"नाही. बोअरला पाणी लागायचंय अजून."
"मी सांगू?"
"नको."

मग उगाच लिफ्टचं बटण दाबून, न जाता,
तो म्हणाला, पाळी सुटल्यावर गोदीजवळचं कॅफे
सहाला उघडतं.
घटस्फोटाचे कागद माझ्याकडे आहेत,
रीतसर, तारखेसकट.
तीन हिवाळे झाले.

साठ पानं उरलीत.
मी हळू वाचतेय.